काचेवरची काजळी आणि चिमूटभर राख



अम्ल आणि क्षार हा धडा शिकवताना मी दरवर्षी चुलीतल्या राखेचे उदाहरण देते, आणि दरवर्षी वर्गातले निम्मे चेहरे कोरे राहतात. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी चूल नाही, राखही नाही. म्हणून या वेळी तेच उदाहरण जरा सविस्तर लिहून देते आहे. पालकांनीही वाचावे. शेवटचा भाग त्यांच्यासाठी अधिक आहे.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीला रजा जोडून मी इंग्लंडात, यॉर्कशायरमध्ये राहणाऱ्या माझ्या मुलीकडे गेले होते. नातू तेव्हा चार महिन्यांचा होता. घर भाड्याचे, जुने, दगडी. बैठकीच्या खोलीत भिंतीतल्या कोनाड्यात ओतीव लोखंडाचा एक स्टोव्ह बसवलेला होता. स्टोव्ह म्हटले की आपल्याला पंप मारायचा पितळी रॉकेलचा स्टोव्ह आठवतो, तो हा नव्हे. ही लाकडे जाळून खोली ऊबदार ठेवणारी बंद पेटी असते. समोर दार, दाराला काच, आणि वरून निघालेला नळ धुराड्यातून छपराबाहेर गेलेला. काच अशासाठी की बसल्या जागेवरून आतला जाळ दिसावा. त्या घरातली काच मात्र इतकी काळी झाली होती की आत विस्तव आहे की नाही हे हात जवळ नेल्याशिवाय कळत नसे.

मुलगी म्हणाली, "आई, ते राहू दे गं. बाजारात फवाऱ्याची बाटली मिळते, ती आणू." बाटली पाच-सहा पौंडांची, म्हणजे आपले पाच-सहाशे रुपये. मी म्हटले, शेगडीच्या पोटात औषध पडलेले असताना बाटली कशाला? आमच्या लहानपणी ग्वाल्हेरला रोज संध्याकाळी बिजली जायची. (पुण्याचे नातेवाईक आमच्या 'बिजली'ला हसत, त्यांच्याकडे लाइट जात असे.) कंदिलाची काच पुसण्याचे काम माझ्याकडे होते, कारण घरात माझाच हात एवढा लहान होता की तो काचेच्या गळ्यातून आत जाई. माझी आजी, म्हणजे आमची माई, चुलीतली राख फडक्यातून गाळून नारळाच्या करवंटीत ठेवी. ओलसर फडके राखेत टेकवायचे, काचेच्या आतून फिरवायचे, मग कोरड्या फडक्याने पुसायचे. काच लख्ख होई. त्यात एकच नियम होता, काच गरम असताना ओले फडके लावायचे नाही. तो मी एकदा मोडला आणि काच तडकली. नवी येईपर्यंत चार दिवस घरात मेणबत्ती होती आणि वडील माझ्याशी बोलत नव्हते.

तेव्हा तिकडे मोठ्या आत्मविश्वासाने राख काढली आणि कामाला लागले. आधी माझी चूक सांगते. खालच्या उजव्या कोपऱ्यात काजळीचा जाड, चकचकीत थर बसला होता, अगदी डांबरासारखा. तो राखेने लवकर निघेना. मला धीर धरवला नाही. भांडी घासायची तारेची घासणी घेतली आणि जोर लावला. थर गेला, पण काचेवर तीन ओरखडे उठले, ते आजही आहेत. घर सोडताना मुलीला ते मालकाला दाखवावे लागतील. पाच पौंड वाचवायला निघालेल्या प्राचार्यांची ही कमाई.

आता बरोबर रीत. स्टोव्ह पूर्ण थंड झालेला हवा. रात्री विझलेला असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी हात घालावा. राखेचा वरचा, पांढरट, पिठासारखा भाग घ्यावा. खालचा घेऊ नये, त्यात कोळशाचे खडे आणि लाकडाबरोबर आलेली वाळू असते, आणि ओरखडा पडतो तो त्यांनीच. माई गाळत असे तशी वस्त्रगाळ राख मिळाली तर उत्तमच. वर्तमानपत्राचा कागद चुरगाळून ओला करावा आणि पिळून टाकावा, पाणी गळता कामा नये. तो राखेत टेकवावा आणि काचेवर हलक्या हाताने गोल गोल फिरवावा. कागद काळा झाला की टाकून दुसरा घ्यावा. जिथे थर जाड असेल तिथे राखेचा ओला लेप दहा-पंधरा मिनिटे तसाच ठेवावा. घाई केली की काय होते ते वर लिहिलेच आहे. नंतर स्वच्छ ओल्या कागदाने राख पूर्ण पुसून काढावी आणि कोरड्या कागदाने काच कोरडी करावी. राखेचा पुसट थर मागे राहिला तर पुढच्या आगीत तो भाजून पांढरे डाग पडतात, आणि ते काजळीपेक्षा चिवट असतात. दाराच्या कडेने दोरीसारखी जी पट्टी असते ती भिजू देऊ नये. दार घट्ट बसावे आणि फटीतून हवा आत शिरू नये म्हणून ती असते. हातात रबरी मोजे घालावेत, कारण राखेचे पाणी कातडीला झोंबते. दुसऱ्या दिवशी फक्त राख, पाणी आणि जुने वर्तमानपत्र घेऊन मी उरलेली काच वीस मिनिटांत साफ केली. जावयांनी फोटो काढून स्वतःच्या आईला पाठवला, हे अवांतर.

आता यातले शास्त्र पाहू. काचेवरचा काळा थर दोन गोष्टींचा असतो. एक भुकटीसारखी काजळी, म्हणजे न जळलेला कार्बन. दुसरी लाकडाच्या धुरातून थंड होऊन बसलेली चिकट डांबर. काजळी नुसत्या ओल्या कागदानेही बरीचशी निघते, डांबर निघत नाही. डांबरात अम्लधर्मी पदार्थ असतात, त्यामुळे तिच्यावर क्षाराचा उपाय चालतो.

तो क्षार राखेत असतो. झाड जमिनीतून पाण्याबरोबर कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम अशी मूलद्रव्ये शोषून घेते. लाकूड जळते तेव्हा कार्बन आणि हायड्रोजन हवेत जातात आणि ही मूलद्रव्ये मागे राहतात. शंभर भाग लाकडामागे एखादा भाग राख, याहून फारशी नाही. तिच्यात सर्वांत जास्त असते कॅल्शियम कार्बोनेट. ते पाण्यात विरघळत नाही, त्याचे बारीक कण सौम्यपणे घासण्याचे काम करतात. पुष्कळ टूथपेस्टमध्येही हेच कॅल्शियम कार्बोनेट असते. आपल्या पणज्यांची राखुंडी आठवा. राखेचा विरघळणारा भाग मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेटचा. त्याचे पाणी क्षारधर्मी असते, आणि ते डांबरेतल्या अम्लधर्मी पदार्थांना पाण्यात मिसळण्याजोगे बनवते. चरबीवर क्षाराची क्रिया झाली की साबण बनतो, तो तुमच्या दहावीच्या पुस्तकात आहेच. राखेने तेलकट कढई स्वच्छ होते तीही बरीचशी याच मार्गाने. ॲल्युमिनियमची भांडी मात्र राखेने घासू नयेत. क्षार त्या धातूला खातो.

इथे भाषेचा एक घोटाळा सांगायला हवा. मी बी.एस्सी. हिंदी माध्यमातून केले. हिंदी पुस्तकांत 'क्षार' म्हणजे अल्कली आणि मिठासारखे पदार्थ ते 'लवण'. महाराष्ट्रातल्या पाठ्यपुस्तकांत अल्कलीधर्मी पदार्थाला 'आम्लारी' म्हणतात आणि 'क्षार' म्हणजे आपले 'लवण'! पुण्याच्या मामेभावाशी एका लग्नात यावरून माझा चांगलाच वाद झाला होता. दोघेही बरोबर होतो आणि पंगत उठेपर्यंत ते कोणाच्या लक्षात आले नाही. या लेखात मी तुमच्या पुस्तकाप्रमाणे 'क्षार' लिहिते आहे. मराठी पुस्तके वाचताना सावध राहा.

पोटॅशियम हे नावच राखेवरून पडले आहे. पूर्वी युरोपात राखेचे पाणी मडक्यात आटवून जो पांढरा पदार्थ मिळे त्याला 'पॉट-ॲश', म्हणजे मडक्यातली राख, म्हणत. १८०७ मध्ये हंफ्री डेव्ही यांनी पोटॅशपासून मिळणाऱ्या दाहक क्षारातून वीज नेऊन एक नवा धातू वेगळा केला आणि त्याचे नाव पोटॅशियम ठेवले. 'अल्कली' हा शब्द अरबी, आणि त्याचाही मूळ अर्थ वनस्पतींच्या राखेशीच जोडलेला आहे. खताच्या पोत्यावरचे 'नत्र, स्फुरद, पालाश' यांतला पालाश तो हाच.

काचेविषयीही थोडे. कंदिलाची काच माझ्या ओल्या फडक्याने तडकली, कारण साधी काच तापली की फुगते आणि एका ठिकाणी अचानक थंड झाली की तिथेच आकसते. या ताणाने ती फुटते. स्टोव्हच्या दाराला शेकडो अंशांची धग रोज सोसायची असते, म्हणून तिथे काच-सिरॅमिक नावाचा पदार्थ वापरतात. तो तापल्यावर जवळजवळ फुगतच नाही. या पदार्थाचा शोध अपघाताने लागला. १९५३ मध्ये अमेरिकेत कॉर्निंग कंपनीच्या प्रयोगशाळेत डोनाल्ड स्टूकी काचेचा एक तुकडा ६०० अंश सेल्सिअसला तापवणार होते. भट्टीच्या नियंत्रकात बिघाड झाला आणि तापमान ९०० अंशांवर गेले. काच वितळून भट्टीचा सत्यानाश झाला असेल असे त्यांना वाटले, पण आत पांढरा, अखंड तुकडा होता. चिमट्यातून तो जमिनीवर पडला, तरी फुटला नाही. स्टोव्हची पारदर्शक काच त्याच कुळातली. तरीही ती अभंग नसते. दार आपटले तर फुटते, आणि ओरखडे कसे पडतात ते मी दाखवून आले आहे.

इथवर काच स्वच्छ झाली. तीन दिवसांनी ती पुन्हा काळी.

मुलगी म्हणाली, "आता रोज राख लावत बसायचे का?" मला वर्गातला तो मुलगा आठवला, जो वहीतली चूक रोज खोडरबराने खोडतो आणि रोज तशीच पुन्हा करतो. मग मी स्टोव्हकडे नीट पाहिले. लाकूड टाकले की ते सूं-सूं आवाज करी आणि कापलेल्या टोकाशी पाण्याचे बुडबुडे येत. शेजाऱ्याचे बर्चचे झाड शरद ऋतूतल्या वादळात पडले होते. त्याचे ओंडके जावयांना फुकट मिळाले होते, ते फोडून दोन महिन्यांत जाळायला घेतले होते. आपल्याकडे कोणतीही आजी सांगेल की ओले सरपण धुमसते.

दहावीच्या मुलांनी पुढचे गणित करून पाहावे. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाने जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. म्हणजे १ किलो लाकडात अर्धा किलो पाणी. ते १० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवून त्याची वाफ करायला सुमारे १,३०० किलोज्यूल उष्णता लागते. उरलेल्या अर्धा किलो कोरड्या लाकडातून साधारण ९,००० किलोज्यूल मिळतात. म्हणजे सातवा हिस्सा पाणी उकळण्यातच गेला. तुम्ही म्हणाल, सातवाच ना? पण खरे नुकसान वेगळे आहे. लाकूड तापले की त्यातून आधी ज्वलनशील वायू निघतात आणि ज्वाला म्हणून आपल्याला जे दिसते ते या वायूंचे जळणे असते. ते नीट जळायला पेटीत साधारण ६०० अंशांच्या आसपास तापमान आणि भरपूर हवा लागते. ओले लाकूड पेटी थंड ठेवते. वायू अर्धवट जळतात आणि जिथे थंड पृष्ठभाग भेटेल तिथे डांबर होऊन बसतात. काच ही आतल्या बाजूची त्यातल्या त्यात थंड जागा.

दुसरी चूक हवेची होती. नवीन स्टोव्हला वरच्या बाजूने हवा आत घेणारी फट असते. ती हवा तापून काचेच्या आतल्या अंगाने पडद्यासारखी खाली उतरते आणि धुराला काचेपासून दूर ठेवते. विस्तव सकाळपर्यंत टिकावा म्हणून जावई रात्री सगळी हवा बंद करून झोपत. विस्तव टिके, पण रात्रभर नुसता धुमसत राही, आणि त्या पडद्याचेही काम थांबे.

म्हणजे जे काचेवर दिसत होते तेच न दिसता धुराड्याच्या नळात बसत होते. नळातली ही डांबर साठून पेटली तर धुराडे आतून जळते आणि छपरालाही आग लागू शकते. तिकडे वर्षातून निदान एकदा धुराडे साफ करणाऱ्याला बोलवायचा सल्ला देतात. मुलीने त्याच आठवड्यात बोलावले. त्याने नळातून जे काढले ते पाहून जावयांनी फुकटच्या सरपणाचे नाव टाकले. इंग्लंडात १ मे २०२१ पासून दोन घनमीटरहून कमी लाकूड विकताना त्यातली आर्द्रता २० टक्क्यांच्या आत असावी असा नियम आहे. तसे शिक्का असलेले लाकूड त्यांनी विकत आणले. रात्री हवा पूर्ण बंद करणे सोडले. मी निघेपर्यंत पंधरा दिवसांत काच फक्त एकदा पुसावी लागली, आणि तीही कोरड्या कागदाने. शेजाऱ्याचे बर्च त्यांनी मागच्या पडवीत, वरून झाकून आणि बाजूंनी वारा लागेल असे रचून ठेवले. दोन उन्हाळे खाऊन ते आता जळण्याजोगे झाले आहे.

त्या खोलीत भिंतीवर एक पांढरी डबी होती. मी विचारले, तेव्हा कळले की ती कार्बन मोनॉक्साइडची धोक्याची घंटा. इंग्लंडात २०१५ पासून, भाड्याच्या घरात लाकूड किंवा कोळसा जाळण्याची शेगडी असेल त्या खोलीत मालकाने ही घंटा लावलीच पाहिजे असा कायदा आहे. त्या डबीखाली नातू झोपला होता. मला त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

मी सहावीत होते तेव्हाची गोष्ट. जानेवारीची थंडी होती. आई आणि धाकटा भाऊ आतल्या खोलीत झोपले होते. भाऊ तापाने आजारी होता, म्हणून आईने सिगडी आत घेऊन दार-खिडकी लावून घेतली होती. निखारे लालबुंद, धुराचा मागमूस नाही. वडील रात्रपाळीवर होते आणि मी माईजवळ बाहेरच्या खोलीत. वडील योगायोगाने लवकर परतले. त्यांनी हाक मारली, आईने ओ दिली नाही. दार उघडून त्यांनी दोघांना अक्षरशः ओढत अंगणात आणले. आईला उलट्या झाल्या, डोके दोन दिवस दुखत होते. भाऊ बऱ्याच वेळाने रडला. माई त्याचे रडणे ऐकून देवापुढे जाऊन बसली. आम्हांला तेव्हा कोणी 'कार्बन मोनॉक्साइड' हा शब्द सांगितला नाही. 'कोळशाची हवा लागली' एवढेच म्हणत. तो शब्द मला कॉलेजात भेटला आणि त्या दिवशी मी वर्गातून उठून बाहेर गेले होते.

हा वायू कार्बनला पुरेशी हवा न मिळता जळावे लागले की तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते, त्यामुळे शरीर हळूहळू गुदमरते आणि माणसाला वाटते की झोप येते आहे. डोके जड होणे, मळमळ, गुंगी ही पहिली लक्षणे. ज्या सिगडीतून धूर येतो तिला आपण बाहेर ठेवतो आणि निखारे झाले की आत घेतो, कारण डोळे चुरचुरत नाहीत. धूर नाही म्हणजे धोका नाही, ही आपली समजूत. इंग्लंडातल्या स्टोव्हला काच होती, ती काळी झाली म्हणून ज्वलन बिघडल्याचे आम्हांला कळले. सिगडीला काच नाही आणि धुराडेही नाही. आपल्या भागात दर हिवाळ्यात बंद खोलीत सिगडी घेऊन झोपलेल्या घरांच्या बातम्या येतात. पालकांना विनंती आहे की झोपण्यापूर्वी सिगडी खोलीबाहेर काढावी. रात्री आजारी माणसाजवळ ऊब हवीच असेल तर गरम पाण्याची रबरी पिशवी द्यावी, किंवा जाड पांघरूण घालावे. कोणी गुंगीत सापडले तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि लगेच डॉक्टरांना गाठावे. लिंबू-कांदा हुंगवत बसू नये.

आता प्रयोग. हळदीची पूड पाण्यात कालवून गाळण-कागदाला लावा आणि सावलीत वाळवा. एका पेल्यात दोन चमचे राख आणि अर्धा पेला पाणी ढवळून तासभर स्थिर ठेवा. वरच्या निवळीचा एक थेंब हळदीच्या कागदावर टाका. पिवळा कागद तांबडा-तपकिरी होईल. त्याच जागी लिंबाचा थेंब टाका आणि काय होते ते वहीत लिहा. मग एक जुनी काच मेणबत्तीवर धरून काळी करा आणि गार होऊ द्या. तिचा अर्धा भाग नुसत्या ओल्या कागदाने आणि अर्धा राखेने पुसून फरक पाहा. मेणबत्तीची काजळी कोरडी असते, त्यामुळे फरक कमी दिसेल; तो कमी का दिसतो याचे उत्तर जो लिहील त्याला एक गुण अधिक.

पुढच्या शनिवारी चौथ्या तासाला प्रयोगशाळेत हे करू. ज्यांच्या घरी किंवा गावी चूल आहे त्यांनी मूठभर राख आणावी. दगडी कोळशाची नको. तिच्यात पोटॅश नसल्यासारखेच असते आणि खडे फार. गोवरीच्या राखेत माती येते, ती दोनदा गाळावी. रंग किंवा औषध लावलेल्या फळ्या जाळून झालेली राख अजिबात नको, काही जुन्या औषधांत आर्सेनिक असे. आणि राख किमान तीन-चार दिवसांची असावी, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात आणावी. राखेखाली निखारा दिवसभरानंतरही जिवंत असतो. प्लास्टिकच्या पिशवीत आणलेली राख मी दारातूनच परत पाठवीन.